इंग्रजीत एम.ए. झालं, सेट झाली. पुढे पीएचडी, भाषाविज्ञान की क्रिएटिव्ह रायटिंग?

मांजरा_काठ

नमस्कार. इतके दिवस वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. लांबला तर सांभाळून घ्या.

मी लातूर जिल्ह्यातली. शिक्षण मराठी माध्यमात, सुरुवातीची शाळा जिल्हा परिषदेची. पुढे बी.ए., एम.ए. इंग्रजी. सेट, म्हणजे राज्याची प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा, झाली; देशपातळीवरची नेट थोडक्यात हुकते. सध्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. लिहितेही, मराठीत आणि इंग्रजीत. एक-दोन इंग्रजी कथा ऑनलाइन मासिकांनी घेतल्या, त्या जोरावर ब्रिटनमधल्या एका विद्यापीठात क्रिएटिव्ह रायटिंगच्या एम.ए.ला अर्ज टाकला. हौस म्हणून. तर तिकडून ऑफर आली! फी बावीस हजार पौंडांच्या घरात, शिष्यवृत्ती नाही. बाबा म्हणतात, शेत तारण ठेवू.

इकडे आमच्या विभागातल्या मॅडम म्हणतात, "कशाला नसते उद्योग? इथंच पीएचडीला लाग, एखादी परदेशस्थ भारतीय लेखिका घे, तीन वर्षांत मोकळी होशील." तिसरा विचार भाषेच्या बाजूने जायचा आहे, म्हणजे हैदराबादची इफ्लू (इंग्रजी आणि परकीय भाषांचं विद्यापीठ) किंवा पुण्याचं डेक्कन कॉलेज. एम.ए.ला भाषाविज्ञानाचा पेपर मला मनापासून आवडायचा. वर्गात हे बोलायची सोय नव्हती.

घरच्यांना तिन्ही रस्ते म्हणजे 'इंग्रजीचं पुढचं शिक्षण'. मलाही खरं तर फरक नीट सांगता येत नाही. यातून कुणी गेलं आहे का? ऑफरचं डिपॉझिट भरायची मुदत जवळ आली आहे, म्हणून घाई.

तासिका_मास्तर

या बाई, क्लबात स्वागत. मीही तासिकावाला, विदर्भातला. तासाचे पैसे, तेही महिनोन् महिने थकलेले, आणि मे महिन्यात नळ बंद.

तुमच्या मॅडमच्या 'तीन वर्षांत मोकळी'बद्दल सांगतो. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांत किमान काळ तीन वर्षं आहे आणि कमाल सहा, महिलांना वर दोन वर्षांची सवलत. किमानात सुटलेला माणूस मी तरी पाहिला नाही. आधी प्रवेश परीक्षा किंवा नेटचा स्कोअर, मग गाइड शोधा. प्रोफेसरकडे आठ, असोसिएटकडे सहा, असिस्टंटकडे चार, याच्या वर विद्यार्थी घेता येत नाहीत. जागा मिळालीच तर बहुतेक वेळा गाइडचा विषय आपल्या गळ्यात. मग कोर्सवर्क, समितीपुढे सिनॉप्सिस म्हणजे संशोधनाचा आराखडा, दर सहा महिन्यांनी प्रगतीचा अहवाल. पूर्वी एम.फिल. करून जरा हात बसायचा, ती तर २०२२ ला बंदच झाली.

आणि इतकं करून नोकरी? मध्यंतरी विद्यापीठांत असिस्टंट प्रोफेसरला पीएचडी सक्तीची होणार होती, ते जुलै २०२३ मध्ये मागे घेतलं. नेट-सेट हीच किमान पात्रता राहिली. सेट तुमच्याकडे आहे, म्हणजे महाराष्ट्र आणि गोव्यापुरत्या तुम्ही आजच कागदोपत्री पात्र आहात. गाडी अडते भरतीपाशी. मुलाखतीच्या आधी काही ठिकाणी कोणता आकडा विचारतात, हे इथे लिहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे.

एक करा. शोधगंगा उघडा, आपल्याकडच्या पीएचडी प्रबंधांचा ऑनलाइन साठा, फुकट आहे, आणि त्यात 'डायस्पोरा' (परदेशस्थ समाज) टाकून बघा. अमुक लेखिकेच्या निवडक कादंबऱ्यांतील स्त्रीजाणीव. तमुक लेखिकेच्या निवडक कादंबऱ्यांतील अस्मितेचा शोध. सगळीकडे 'निवडक'. पहिल्या प्रकरणात चरित्र, मधल्या चारांत कथानकाचा सारांश, शेवटच्यात निष्कर्ष की लेखिका थोर आहे. त्या ढिगात एकाची भर घालायची असेल तर खुशाल घाला.

लाटकर_वहिनी

वाचतेय. मुलगी बारावीला आहे आणि इंग्रजी साहित्यच घेणार म्हणते, म्हणून विशेष.

सरळ_बोलतो

मी आयटीवाला. साहित्यातलं कळत नाही, हिशेब कळतो.

पौंड एकशेपंधरा ते एकशेवीस धरा. बावीस हजार म्हणजे फीच पंचवीस-सव्वीस लाख. लंडनच्या बाहेर राहिलात तरी व्हिसासाठी महिन्याला साडेअकराशे पौंडांच्या आसपास खर्च दाखवावा लागतो, तोही नऊ महिन्यांचा, आणि ती रक्कम खात्यात सलग २८ दिवस पडून असावी लागते. वर आरोग्याचा अधिभार वर्षाला ७७६ पौंड. विमान, गरम कपडे, व्हिसा फी धरून चाळिसाच्या खाली येत नाही. चाळीस लाख, अकरा टक्के, दहा वर्षं म्हणजे महिन्याला पंचावन्न हजार हप्ता. तासिकेवर?

दुसरं, शैक्षणिक कर्जाला बहुतेक बँका शेतजमीन तारण म्हणून घेत नाहीत. घर किंवा बिगरशेती प्लॉट मागतात. बाबांना आधी बँकेत विचारायला सांगा. नाहीतर बँक नाही म्हणाली की माणूस सावकाराकडे वळतो, आणि तिथून पुढे काय होतं ते लातूरकरांना मी सांगायला नको.

तिसरं, शिक्षणानंतर तिथं थांबायची मुदत. आत्ता मास्टर्सवाल्यांना दोन वर्षं मिळतात, १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना दीडच वर्ष. त्यात लेखिका म्हणून हप्ता फिटेल?

धुकं_आणि_चहा

हिशेब बरोबर आहे. मी इंग्लंडात हाच अभ्यासक्रम केला, पण शिष्यवृत्तीवर. स्वतःच्या पैशाने गेले नसते, हे आधीच सांगून टाकते.

तरी तिथे काय होतं ते नीट सांगायला हवं, कारण आपल्याकडे लोकांना वाटतं की पात्र कसं उभं करावं, शेवट कसा करावा, याची व्याख्यानं असतील. तसं काही नसतं. आठवड्याला वर्ग मोजकेच. दर आठवड्याला दोघंतिघं आपापलं लेखन आधी पाठवतात, चारपाच हजार शब्द. बाकीच्यांनी ते वाचून, समासात खुणा करून यायचं. मग टेबलाभोवती बसून त्यावर चर्चा, आणि ज्याचं लेखन आहे त्याने बोलायचं नाही. ही जुनी अमेरिकी रीत. आता काही ठिकाणी लेखकाला आधी प्रश्न मांडू देतात, आमच्याकडे तोंड बंद होतं. पहिल्यांदा अंगावर काटा येतो. आपण ज्या परिच्छेदावर खूश, तिथेच चौघांनी वाचन थांबवलेलं असतं.

फायदा काय झाला? स्वतःचं वाक्य परक्याच्या डोळ्याने वाचता यायला लागलं. हे वर्षभरात झालं, एरवी कदाचित दहा वर्षं लागली असती. त्रास काय झाला? माझ्या गोष्टीत एवढे नातेवाईक कशाला, असं सगळे विचारायचे. आत्या आणि मावशी एकच करून टाक, असाही सल्ला मिळाला. अशा वेळी ऐकायचं किती आणि सोडायचं किती हे ज्याला कळतं तो टिकतो. माझ्या वर्गातल्या एका नायजेरियन मुलाने कुणाचंच ऐकलं नाही. त्याचं लिखाण सगळ्यांत चांगलं होतं.

शेवटी पंधरा हजार शब्दांच्या आसपास कथा किंवा कादंबरीचा भाग सादर करायचा. इंग्लंडात हा अभ्यासक्रम पहिल्यांदा नॉर्विचला, ईस्ट अँग्लिया विद्यापीठात, १९७० मध्ये माल्कम ब्रॅडबरी आणि अँगस विल्सन या कादंबरीकारांनी सुरू केला. तेव्हा पहिला विद्यार्थी होता इयन मॅकइवन, पुढे गाजलेला कादंबरीकार. दहाएक वर्षांनी काझुओ इशिगुरो तिथेच शिकला. प्रत्येक विद्यापीठाच्या माहितीपत्रकात असली दोनचार नावं असतात. उरलेल्या शेकडो विद्यार्थ्यांचं काय झालं ते माहितीपत्रकात नसतं. माझ्या वर्गातले बहुतेक जण शाळेत शिकवतात, दोघं प्रकाशनसंस्थांत, एक जण पबमध्ये. मी एका विद्यापीठाच्या कार्यालयात आहे. लिहितेय.

मांजराताई, ऑफर पुढच्या वर्षावर ढकलता येते का, ते आजच ईमेल करून विचार. बऱ्याच ठिकाणी येते. मधल्या वर्षात चेव्हनिंगला, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या शिष्यवृत्तीला, अर्ज कर. त्याला दोन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो, पण तो तासांत मोजतात, २८०० तास. तुझ्या तासिकांची बेरीज करून बघ. परत येऊन दोन वर्षं देशात राहायची अट आहे. फेलिक्स शिष्यवृत्ती आहे, ती ऑक्सफर्ड, रेडिंग आणि लंडनच्या सोआसपुरतीच. अनुसूचित जातीतली असशील तर राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती बघ. पण तिला विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते, आणि नियम बदलत राहतात, त्या वर्षीची जाहिरात ओळीने वाचायची.

कडुनिंब

लेखन शिकवता येतं यावर माझा विश्वास नाही. कवी अरुण कोलटकरांना कुणी डिग्री दिली होती? चाळीस लाख घालून आत्याची मावशी करून घ्यायची! त्यापेक्षा ग्रंथालयाची वर्गणी भरा.

अर्धविराम

कडुनिंबकाका, कोलटकर मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत चित्रकला शिकले होते, तिथला डिप्लोमा होता त्यांच्याकडे. चित्रकाराला, गायकाला कुणी विचारत नाही की हे शिकवता येतं का. लेखकालाच विचारतात.

आणि वर्कशॉप नव्हतं असंही नाही. पन्नाशीच्या दशकात मुंबईत 'शब्द' हे चक्रमुद्रित अनियतकालिक निघायचं. कोलटकर, चित्रे, रमेश समर्थ ही मंडळी एकमेकांच्या कवितेची जी चिरफाड करायची, तीच फीविना. दिलीप चित्रे पुढे १९७५ मध्ये अमेरिकेतल्या आयोवाच्या आंतरराष्ट्रीय लेखक कार्यक्रमाला गेलेच. तो पदवीचा अभ्यासक्रम नव्हे, देशोदेशीच्या लिहित्या लोकांना बोलावतात. १९३६ पासून चालणारं त्यांचं रायटर्स वर्कशॉप वेगळं. दोन्ही एकाच गावात असल्याने लोक गल्लत करतात.

आता माझ्या आवडीचा मुद्दा. आपल्याकडे इंग्रजीच्या प्राध्यापकांनी मराठीत लिहिण्याची मोठी परंपरा आहे. विंदा इंग्रजी शिकवायचे, नेमाड्यांनी वर्षानुवर्षं इंग्रजी शिकवलं, गौरी देशपांडे, विलास सारंग, सगळे इंग्रजी विभागातले. सारंगांनी तर मुंबईनंतर अमेरिकेत इंडियाना विद्यापीठातही पीएचडी केली, आणि गोष्टी इंग्रजी-मराठी दोन्हींत लिहिल्या. यांच्यापैकी कुणी क्रिएटिव्ह रायटिंगचा वर्ग केल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. पण परकं साहित्य रोज वर्गात फोडून सांगायचं आणि घरी येऊन आपल्या भाषेत लिहायचं, या जाण्यायेण्यातूनच त्यांचं गद्य घडलं असं मला वाटतं. मांजराकाठच्या ताईंना हे आयतं मिळालेलं आहे. दोन्ही भाषांत लिहितेस म्हणालीस ते तू ओझरतं लिहिलंस. मी असते तर तिथूनच सुरुवात केली असती.

भाषांतराचा विचार केलास का? नॉर्विचलाच साहित्यिक भाषांतराचं एम.ए. आहे, आणि ब्रिटिश सेंटर फॉर लिटररी ट्रान्सलेशन हे लेखक डब्ल्यू. जी. सेबाल्ड यांनी १९८९ मध्ये तिथे सुरू केलेलं केंद्र आहे. त्यांची उन्हाळी शिबिरं काही दिवसांचीच असतात. वर्षभराच्या फीपुढे तो खर्च काहीच नाही. चार्ल्स वॉलेस ट्रस्ट भारतीय लेखक-भाषांतरकारांना थोड्या मुदतीसाठी ब्रिटनमध्ये पाठवतो, तेही बघून ठेव.

कडुनिंब

जे.जे.चा मुद्दा मान्य. बाकी मतावर ठाम.

शांत_शाई

अमेरिकेतून. इंग्रजी साहित्यात पीएचडी करतोय, चौथं वर्ष.

इकडची पद्धत वेगळी आहे. पीएचडीला फी नसते, उलट स्टायपेंड मिळतो, बदल्यात शिकवायचं. मी पहिल्या वर्षाच्या अमेरिकी मुलांना निबंधलेखन शिकवतो. परभणीचा मुलगा त्यांना इंग्रजी वाक्य कसं बांधायचं सांगतो, आणि त्यांना त्यात काही वावगं वाटत नाही. पहिली दोनेक वर्षं वर्ग, मग मोठी वाचनयादी घेऊन परीक्षा, त्यानंतर प्रबंध. पाचसहा वर्षं लागतातच. क्रिएटिव्ह रायटिंगची इकडची पदव्युत्तर पदवी, एम.एफ.ए., दोन-तीन वर्षांची, आणि चांगल्या ठिकाणी तेही फी माफ आणि स्टायपेंडवर. ब्रिटनच्या एम.ए.त आणि यात सगळ्यात मोठा फरक हाच. मांजराकाठ, अर्ज करायचाच तर इकडेही कर. स्पर्धा भयंकर आहे, एका जागेला शेकडो अर्ज, पण नकार आला तर फक्त अर्जाची फी जाते.

सध्याची हवा मात्र वाईट आहे. बॉस्टन विद्यापीठाने २०२४ च्या शेवटी इंग्रजीसह डझनभर विषयांची पुढच्या वर्षीची पीएचडी प्रवेशप्रक्रियाच थांबवली. त्यानंतर इतरांनीही जागा कमी केल्या. इथे पीएचडी झालेली माणसं वर्षानुवर्षं हंगामी शिकवतात. त्यांना अ‍ॅडजंक्ट म्हणतात. तासिका_मास्तर, तुमचेच भाऊबंद.

ब्रिटनच्या पीएचडीबद्दल एक भर. तिथे अर्जासोबतच संशोधनाचा प्रस्ताव द्यावा लागतो, पहिल्या दिवसापासून विषय ठरलेला. सरकारी संशोधन निधी २०२१ पासून परदेशी विद्यार्थ्यांनाही खुला झालाय, पण मर्यादित प्रमाणात. प्रस्ताव म्हणजे प्रश्न हवा. 'मला अमुक लेखक आवडतो' हा प्रश्न होत नाही.

मांजरा_काठ

सगळ्यांचे खूप आभार, इतकं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. बाबा बँकेत जाऊन आले. सरळ_बोलतो म्हणाले तसंच झालं, शेत चालत नाही. घर आजोबांच्या नावावर आहे, ते मी मागणार नाही. विद्यापीठाला ऑफर पुढे ढकलण्याबद्दल ईमेल केलाय.

पण प्रश्न म्हणजे काय, यावर अडलेय. मला एखादा लेखक घेऊन चार प्रकरणं पाडायची नाहीत. मग मला काय विचारायचं आहे, हेच सुचत नाही.

पन्हाळ्याचा_वारा

सावकाश वाचत होतो. इंग्रजी विभागातून निवृत्त झालेला मास्तर आहे, बोलणं लांबणार.

एक गंमत सांगतो. इंग्रजी साहित्य हा विद्यापीठात शिकायचा विषय आपल्याकडे रुजला तेव्हा ऑक्सफर्ड-केंब्रिजात त्याला जागा नव्हती. मुंबई विद्यापीठ १८५७ चं. ऑक्सफर्डने इंग्रजीचा स्वतंत्र ऑनर्स अभ्यासक्रम १८९० च्या दशकात सुरू केला, केंब्रिजने १९१७ मध्ये. साहेबाच्या पोरांना ग्रीक-लॅटिन आणि आमच्या आजोबा-पणजोबांना मिल्टन. गौरी विश्वनाथन यांनी यावर १९८९ मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं. तेव्हा 'आपण परक्यांचा विषय शिकतोय' ही भीड पहिल्यांदा सोडा. हा विषय आपल्यावर प्रयोग करूनच तयार झालाय.

आता भाषेची बाजू, जिच्याबद्दल इथं कुणीच बोललं नाही. शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. व्ही. शास्त्री यांनी भारतीय इंग्रजीचा एक भाषासंग्रह तयार केला, जगभरात तो कोल्हापूर कॉर्पस म्हणून ओळखला जातो. १९७८ साली भारतात छापलेलं इंग्रजी: वर्तमानपत्रं, सरकारी कागद, धार्मिक पुस्तकं, कथा-कादंबऱ्या. दोन हजार शब्दांचा एक नमुना, असे पाचशे नमुने, म्हणजे दहा लाख शब्द. अमेरिकी इंग्रजीच्या अशाच संग्रहाच्या, ब्राऊन कॉर्पसच्या, मापाने मुद्दाम बेतला, म्हणजे दोन्ही शेजारी ठेवून ताडता यावेत. काम १९८६ च्या सुमारास पुरं झालं. तेव्हाचे संगणक आठवा, तेव्हाची वीज आठवा. आजही युरोपात भारतीय इंग्रजीवर कुणी लिहायला बसलं की या संग्रहाचं नाव येतंच. आणि आमच्याकडे एम.ए. झालेल्या पोरांना कोल्हापूर कॉर्पस म्हटलं की सहकारी संस्था वाटते.

भाषेचा अभ्यास म्हणजे व्याकरण पाठ करणं नव्हे, हे यावरून कळावं. साहित्यवाला विचारतो हा मजकूर काय करतो. लेखनाच्या वर्गात विचारतात हा अजून चांगला कसा होईल. भाषावाला विचारतो, माणसं असं का लिहितात, आणि कुठली माणसं. त्याला चांगल्या-वाईटाशी कर्तव्य नाही. 'आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स' असं पोरगं लिहितं तेव्हा साहित्याचा मास्तर लाल रेघ मारतो. भाषावाला ते वाक्य वहीत उतरवून घेतो आणि अशी अजून किती सापडतात ते मोजतो. सगळीकडे सापडली तर ती चूक राहत नाही, ती इथली रीत झाली.

इफ्लू चांगली आहे. १९५८ मध्ये इंग्रजी शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी संस्था म्हणून सुरू झाली, २००७ पासून केंद्रीय विद्यापीठ. फी परवडते, साहित्य, भाषाविज्ञान आणि इंग्रजी अध्यापन तिन्ही वेगवेगळं शिकता येतं. डेक्कन कॉलेजचा भाषाविज्ञान विभाग जुना आणि नावाजलेला, पण तिथला भर इंग्रजीवर नाही, एकूण भाषेवर आहे.

बाई, तुम्ही शाळेत इंग्रजी कितवीपासून शिकलात?

मांजरा_काठ

पहिलीपासून, सर. आमच्या ताईला मात्र पाचवीपासून होतं. तिची एबीसीडी आणि माझी एबीसीडी एकाच वर्षी झाली, ती पाचवीत आणि मी पहिलीत. घरात अजून त्यावरून चिडवतात.

पन्हाळ्याचा_वारा

मग प्रश्न तुमच्या घरातच बसलाय की.

रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना जून २००० पासून महाराष्ट्रात मराठी शाळांतून पहिलीपासून इंग्रजी आलं. त्या वेळी केवढा गदारोळ झाला होता! एका बाजूचे म्हणाले मराठी मरणार, दुसऱ्या बाजूचे म्हणाले खेड्यातली पोरं जगात जाणार. ती पोरं आता पंचविशी-तिशीत आहेत. शिकवतात, ईमेल लिहितात, तुमच्यासारखी एखादी इंग्रजीत कथा लिहिते. त्यांचं लिहितं इंग्रजी पाचवीपासून शिकलेल्यांपेक्षा वेगळं आहे का, आणि असेल तर नेमकं कुठे? शब्दसंख्येत, काळाच्या वापरात, वाक्य जोडण्यात? की काहीच फरक नाही? हा उत्तर ठाऊक नसलेला प्रश्न आहे, आणि तो विचारायला लातूरपेक्षा चांगली जागा नाही.

तासिका_मास्तर

सर, दंडवत. यात 'निवडक' कुठंच नाही.

धुकं_आणि_चहा

मस्तच. पण मांजराताई, हे करताना गोष्टी लिहिणं थांबवू नकोस हं. इथे आले तेव्हा अभ्यासाच्या नादात माझं मराठीतलं लेखन सुटलं, ते परत धरायला फार जड गेलं. तुझ्या दोघी बहिणींची एबीसीडी ही संशोधनाआधी कथा आहे. ती मला वाचायला पाठव. मी तोंड उघडूनच टीका करीन.

सरळ_बोलतो

खर्च किती यात?

पन्हाळ्याचा_वारा

जवळजवळ शून्य. मजकुरात शब्द शोधून मोजायला अँटकॉन्क नावाचं सॉफ्टवेअर आहे, फुकट मिळतं, साध्या लॅपटॉपवर चालतं. लागते ती चिकाटी.

मांजरा_काठ

सर, रात्रभर झोप नाही. माझ्याकडे विद्यार्थ्यांच्या टेस्टचे पेपर पडून आहेत, ते चालतील का? आणि कोल्हापूर कॉर्पसशी तुलना करता येईल ना?

पन्हाळ्याचा_वारा

दोन्हींना नाही.

पेपर गुणांसाठी लिहिलेले असतात. त्यांत अर्धं गाइडच्या पुस्तकातलं पाठांतर असतं, आणि ज्यांनी लिहिलं त्यांनी संशोधनासाठी दिलेलंही नाही. नव्याने निबंध लिहून घ्या, लेखी संमती घेऊन. कोल्हापूर कॉर्पस छापील इंग्रजीचा आहे. संपादकाचा हात फिरलेला मजकूर आणि पोरांचं कच्चं लिखाण शेजारी ठेवलं तर काहीच सिद्ध होत नाही. तुमच्या कामाला जवळचा नमुना म्हणजे बेल्जियममध्ये लूव्हँ विद्यापीठात सिल्व्हियान ग्रँजे यांनी उभा केलेला, इंग्रजी शिकणाऱ्यांच्या लेखनाचा आंतरराष्ट्रीय संग्रह. त्यात साधारण पाचशे ते हजार शब्दांचे निबंध आहेत. प्रत्येक निबंधासोबत लिहिणाऱ्याची माहिती असते: मातृभाषा, इंग्रजी किती वर्षं शिकलं, घरी काय बोलतात. तसा फॉर्म तुम्ही मराठीत करा.

एक अडचण आत्ताच लक्षात घ्या. आज कॉलेजात असलेली सगळीच पोरं पहिलीपासून शिकलेली. पाचवीवाले तुम्हाला बाहेर शोधावे लागतील, तुमच्या ताईच्या वयाचे. शिक्षक, तलाठी, बँकेतले लोक. वय, नोकरी आणि किती वर्षं इंग्रजी वापरलं, हे सगळं त्यात मिसळणार. कोणता फरक पहिलीमुळे आणि कोणता वयामुळे, हे वेगळं कसं काढणार, ते प्रस्तावात लिहावं लागेल. परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारतील. मी असतो तर तेच विचारलं असतं.

आणि टाइप करताना एकही चूक सुधारायची नाही. इंग्रजीच्या मास्तरणीला हे सगळ्यात अवघड जातं.

मांजरा_काठ

ताईच्या बॅचचे चौघं लगेच आठवले, त्यातले दोघं शिक्षक. ताई स्वतः म्हणते, मी लिहिणार नाही, तू हसशील.

विद्यापीठाचं उत्तर आलं, ऑफर एका वर्षासाठी पुढे ढकलली. चेव्हनिंगसाठी तासांची बेरीज करतेय. इफ्लूचा फॉर्म निघाला की तोही भरणार. सर, एक पान प्रस्तावाचं लिहून व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला तर चालेल?

पन्हाळ्याचा_वारा

पाठवा. एकच पान. दुसरं वाचणार नाही.

तासिका_मास्तर

माझ्या वर्गातली पोरंही घ्या बाई, वऱ्हाडी इंग्रजीचा नमुना फुकटात मिळेल. संमतीचा फॉर्म पाठवा. निबंधाला विषय काय देऊ?

मांजरा_काठ

मोबाइलचे फायदे-तोटे सोडून काहीही, सर.